सुईवरच्या नोंदी : एका नगात एकच नवं काम

२१ सप्टेंबर : साहित्य आणि नियम

या हंगामाचं ठरलंय असं : स्वेटरला हात लावायचा नाही. चौकोन, मनगटपट्टे, कानटोपी, कानपट्टी, रुमाल, बाळाचे मोजे, एवढंच विणायचं. प्रत्येक नगात नवी गोष्ट एकच. ज्यांना सुलट, उलट, टाके घालणं आणि बंद करणं येतं त्यांच्यासाठी हा क्रम आहे.

पहिला नग म्हणून मफलर देण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. मफलरमध्ये वीतभर विणलं की शिकायचं ते शिकून होतं, उरलेला दीड मीटर नुसता रेटायचा. शिवाय मधे कुठे टाका वाढला तर कडा वाकडी होते आणि ते कळतं तेव्हा दोन गोळे संपलेले असतात. छोट्या नगाचा खरा फायदा उसवण्यात आहे. तासाभराचं काम उसवायला कुणाचा जीव खालीवर होत नाही.

सुयांबद्दल आधीच एक सांगून ठेवतो. आपल्याकडे जुना नंबर चालतो आणि तो उलटा असतो : नंबर मोठा तशी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., १० नंबर म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३ आणि १२ म्हणजे २.७५ मि.मी.च्या आसपास. अमेरिकन नमुन्यातली ८ नंबरची सुई मात्र ५ मि.मी.ची असते. व्हिडिओ बघून विणणाऱ्यांची टोपी डोक्याऐवजी घागरीवर बसते ती यामुळे. यापुढच्या नोंदींत माप मि.मी.तच आहे.

लोकर ॲक्रिलिकच घेतली, ४ प्लाय म्हणजे चार पदरी, बाळाच्या मोज्याला मात्र ३ प्लाय. फक्त चौकोनाला आणि रुमालाला सूत. एका नगाची सगळी लोकर एकाच वेळी घ्यावी आणि लेबलवरचा लॉट नंबर जुळवून घ्यावा. एकाच रंगाचे दोन लॉट दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सारखे दिसतात, उन्हात नेले की फरक लगेच कळतो. इतर सामान : बोथट टोकाची जाड सुई, क्रोशाचा आकडा, कापडी टेप, खुणेच्या रिंगा. रिंगा विकत घ्यायची गरज नाही, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारलेला फास चालतो.

५ ऑक्टोबर : सुती चौकोन. नवी गोष्ट : वाढवणं आणि घटवणं

ऑक्टोबरात जळगाव-भुसावळकडे दुपारी हाताला घाम असतो. ॲक्रिलिक घामट बोटांना चिकटतं, टाके सुईवर सरकत नाहीत आणि वीण नकळत आवळ होते. सूत त्या मानाने बरं चालतं. म्हणून सुरुवात सुताने.

सुई ४ मि.मी., जाड सूत साधारण ३० ग्रॅम. चौकोन कोपऱ्यातून तिरका विणायचा. ४ टाके घालून एक सुई, म्हणजे एक ओळ, सुलट. मग प्रत्येक सुईला : २ सुलट, सुईवर दोरा घेऊन एक नवा टाका, उरलेले सगळे सुलट. दर सुईला एक टाका वाढतो आणि कडेला बारीक भोकांची ओळ तयार होते. ५६ टाके झाले की घट सुरू : १ सुलट, २ एकत्र, सुईवर दोरा, २ एकत्र, उरलेले सुलट. इथे दोन कमी होतात, एक वाढतो, म्हणजे दर सुईला एकच कमी. परत ४ टाके राहिले की बंद.

१० सें.मी.त २० टाके बसत असतील तर ५६ टाक्यांचा कर्ण २८ सें.मी. होतो आणि बाजू सुमारे २० सें.मी. येते. पण हा चौकोन होतो तो सगळ्या सुया सुलट असल्यामुळे. या विणीत एका टाक्याची रुंदी जवळपास दोन ओळींच्या उंचीइतकी असते. हाच नमुना एक सुई सुलट, एक उलट असा विणला तर ओळी जास्त उंच होतात आणि चौकोन लांबट पतंगासारखा बसतो. करून बघायला हरकत नाही, एकदा बघितलं की पुन्हा विसरत नाही.

१० ऑक्टोबर : चौकोनातल्या चुका

जमलेल्या चौकोनांत एकच दोष वारंवार दिसला : दोरा घ्यायचा राहिला. कडेच्या भोकांच्या ओळीत एक भोक नाही, म्हणजे तिथेच चूक. पुढच्याच सुईला लक्षात आलं तर उसवायचं कारण नाही. दोन टाक्यांमधली आडवी तार सुईच्या टोकाने उचलायची आणि तिलाच टाका धरायचा.

दुसरा दोष लपून राहतो. टाका सुईवर कसा बसतो ते बघावं : सारंगखेड्याच्या घोड्यावरच्या स्वारासारखा, एक पाय सुईच्या पुढे, एक मागे. पुढचा पाय उजवीकडे असला पाहिजे. उलट विणताना दोरा चुकीच्या बाजूने फिरवला की पुढचा पाय डावीकडे जातो आणि पुढच्या सुईला तो टाका पीळ खाऊन बसतो. विणीतला 'व्ही' मिटलेला, देठाशी फुली मारल्यासारखा दिसतो. सगळेच टाके असे असतील तर कापड ताठ होतं, अधूनमधून असतील तर ओळी दातेरी दिसतात. दोन विणकाम करणाऱ्यांचं 'तेच' कापड वेगळं का दिसतं याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. निसटलेला टाका परत सुईवर घालतानाही हाच पाय बघायचा.

हा चौकोन स्वयंपाकघरात वापरायचा असेल तर सुताचाच हवा, आणि तवा-पातेलं उतरवायला दोन चौकोन एकावर एक शिवून. ॲक्रिलिक गरम भांड्याला लागलं की वितळतं आणि हाताला चिकटतं. घरात 'लोकरीची पकड' म्हणून कुणी भेट दिली असेल तर ती पाण्याच्या माठाखाली घाला, चुलीजवळ नको.

१९ ऑक्टोबर : माप-तुकडा

हा नग कुणालाच आवडत नाही, म्हणून थोडक्यात. ४ मि.मी. सुई, ४ प्लाय, ३४ टाके, एक सुई सुलट एक उलट, १५ सें.मी. उंच. धुवून, सावलीत पसरून वाळवून, मग मधले १० सें.मी. मोजायचे. कडेचे टाके धरायचे नाहीत, तिथे वीण ताणलेली असते. आमचं माप २२ टाके आणि ३० ओळी.

दोन टाक्यांच्या फरकाने काय होतं ते टोपीच्या आकड्यात बघा. टोपीला १०४ टाके घ्यायचे आहेत. १० सें.मी.त २२ बसत असतील तर घेर ४७ सें.मी. होतो. वीण सैल असून २० च बसत असतील तर ५२. मोठ्या माणसाचं डोकं ५४ ते ५६ सें.मी. भरतं आणि टोपी त्याहून सहा-सात सें.मी. कमी असेल तरच धरून बसते. ५२ वाली टोपी मोटरसायकलवर डोळ्यांवर घसरेल.

माप जुळलं नाही तर हात आवळायचा किंवा सोडायचा नाही. अर्ध्या तासाने हात पुन्हा आपल्या सवयीवर येतो. सुई बदलायची.

तुकडा फेकायचा नाही. त्यावर कागदाची चिठ्ठी टाचून सुई, लोकर, टाके लिहून ठेवायचं.

९ नोव्हेंबर : मनगटपट्टे. नवी गोष्ट : दोन-दोनची बॉर्डर आणि न दिसणारी शिवण

दिवाळी झाली, गव्हाची पेरणी सुरू झाली. थंडीत शेतीची वीज रात्रीची असली की भरणं, म्हणजे पिकाला पाणी देणं, रात्रीच करावं लागतं. पूर्ण हातमोजे तिथे निरुपयोगी : वाफ्यात पाणी सोडायला बारं फोडताना भिजतात आणि स्टार्टरचं बटण दाबायला बोटं मोकळी लागतात. बोटं उघडी ठेवणारा पट्टा मात्र चालतो. केळीच्या बागेत पहाटे जाणाऱ्यांनीही हेच मागितलं.

४ मि.मी., ४ प्लाय, जोडीला ५० ग्रॅमच्या आत लोकर. ४२ टाके. २ सुलट २ उलट, शेवट २ सुलटवर. परत येताना २ उलटने सुरुवात, म्हणजे समोर जसा टाका दिसतो तसाच विणायचा : 'व्ही' दिसला तर सुलट, आडवी गाठ दिसली तर उलट. ही ओळख इथेच पक्की करून घ्यायची. जे 'आता दोन सुलट, आता दोन उलट' असं तोंडाने मोजत विणतात त्यांचं कुणी हाक मारली की गणित तुटतं. विणीकडे बघून विणणाऱ्याला मोजावंच लागत नाही.

४२ च का? २ सुलटने सुरू आणि २ सुलटने शेवट होण्यासाठी चारच्या पटीत दोन जास्त लागतात. शिवताना दोन्ही कडांचा एकेक टाका आत जातो आणि उरलेले एक-एक मिळून पुन्हा दोनची पट्टी तयार होते. शिवण कुठे आहे ते बाहेरून सांगता येत नाही. ४० घेतले असते तर शिवणीपाशी पट्टी मोडली असती.

१८ सें.मी. उंच झाला की बंद. आता शिवण : मनगटाकडून १० सें.मी. शिवायचं, ५ सें.मी. अंगठ्यासाठी मोकळं सोडायचं, वरचे ३ सें.मी. शिवायचे. सुलट बाजू वर ठेवून दोन्ही कडा शेजारी मांडायच्या. पहिल्या आणि दुसऱ्या टाक्याच्या मधे आडव्या तारा दिसतात. जाड सुईने एका बाजूची एक तार उचलायची, मग समोरची एक, असं आलटूनपालटून. चार-पाच तारा झाल्या की दोरा ओढायचा आणि कडा आपोआप मिटतात. दोरा कचकचून ओढू नये, पट्टा ताणला की शिवणही ताणली गेली पाहिजे. अंगठ्याच्या भोकाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन टाके जास्त मारायचे, तिथेच उसवतं.

१४ नोव्हेंबर : पट्टे घालून बघितले

तीन जोड्यांत हात मनगटापाशीच अडकला. बॉर्डर उत्तम, पण टाके बंद केलेली कडा दोरीसारखी घट्ट. बॉर्डरचे टाके बंद करताना दोन गोष्टी सांभाळायच्या : सुलटवर सुलट आणि उलटवर उलट विणूनच बंद करायचं, आणि त्या शेवटच्या सुईला उजव्या हातात एक नंबर जाड सुई घ्यायची, इथे ४.५ मि.मी. सुरुवातीची कडा घट्ट होत असेल तर टाके घालतानाही तीच युक्ती. कडा बोटांनी ताणून बघायची. कापडाइतकी ताणली गेली नाही तर उसवून परत.

२३ नोव्हेंबर : कानटोपी. नवी गोष्ट : गोल विणणं

धुळ्यात पारा एक आकडी व्हायला अजून थोडा वेळ आहे, पण सातपुड्यात तोरणमाळकडे आत्ताच शेकोट्या पेटल्यात. टोपीला मागणी असतेच.

गोल सुई म्हणजे मधे नायलॉनची तार असलेली. टोपीला ४० सें.मी. लांबीची लागते, कारण टाक्यांचा घेर सुईच्या लांबीपेक्षा जास्त हवा. ८० सें.मी.ची असेल तर तारेचा फास मधूनच बाहेर काढून विणता येतं : अर्धे टाके एका टोकावर, अर्धे दुसऱ्यावर, उरलेली तार बाहेर लोंबत. दिसायला गचाळ, पण एका सुईत टोपीपासून मोज्यापर्यंत सगळं भागतं.

१०४ टाके घातले. जोडण्याआधी काम टेबलावर ठेवून घातलेल्या टाक्यांची गाठीची कडा सगळीकडे आतल्या बाजूला आहे ना ते बोटाने फिरून बघायचं. एक जरी वेढा राहिला तर चार बोटं विणून झाल्यावर टोपीऐवजी पिळलेली पट्टी हातात येते आणि ती सरळ करायला उसवण्याशिवाय मार्ग नाही. पहिल्या दोन सुया सपाट, मागे-पुढे विणून मग जोडलं तर वेढा लगेच दिसतो. राहिलेली छोटी फट सुरुवातीच्या दोऱ्यानेच शिवून टाकायची.

जोडणीपाशी रिंग घातली. ५ सें.मी. दोन-दोनची बॉर्डर, त्यापुढे नुसतं सुलट. गोल विणताना सुलट बाजूच कायम समोर असते, उलट विणावंच लागत नाही. मात्र सपाट तुकड्यावरचं माप इथे तंतोतंत लागू होत नाही. बऱ्याच जणांचा उलट टाका सुलटपेक्षा सैल असतो, तो गेला की वीण जराशी घट्ट होते. चार बोटं झाल्यावर टेप लावून बघितलं : काही ४७, काही ४५. ४५ वाल्या टोप्या लहान मुलांना.

२९ नोव्हेंबर : टोपीचा माथा

कडेपासून १५ सें.मी. झाल्यावर घट सुरू. १०४ चे १३-१३ चे आठ भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी रिंग. पहिला फेरा : ११ सुलट, २ एकत्र, असं आठ वेळा. दुसरा फेरा साधा. असे सहा घटीचे फेरे, प्रत्येकानंतर एक साधा. मग सहा फेरे साधा फेरा न घेता सलग घट. शेवटी प्रत्येक भागात एक म्हणजे सगळे मिळून ८ टाके उरतात. दोरा वीतभर ठेवून कापायचा, जाड सुईने आठही टाक्यांतून दोनदा ओवायचा, ओढून आत पक्का करायचा. हे १८ फेरे म्हणजे ६ सें.मी., टोपी २१ सें.मी. उंच झाली.

साधे फेरे न घेता पहिल्यापासून सलग घट केली तर माथा चपटा होतो आणि मधे चुण्या येतात. शेवटपर्यंत एकाआड एक केली तर टोक निघतं. बाळाच्या टोपड्याला टोक शोभतं, मोठ्यांच्या टोपीला नाही.

दोन टाके साधे एकत्र विणले की जोड उजवीकडे झुकतो. डावीकडे झुकवायचा असेल तर दोन्ही टाके एकेक करून सुलटसारखे उजव्या सुईवर सरकवायचे, मग डावी सुई त्यांच्यात पुढून घालून एकत्र विणायचे. टोपीला एकच प्रकार पुरतो, आठही रेषा एकाच बाजूला वळत वर जातात. दुसरा प्रकार मोज्याला लागणार आहे.

११ डिसेंबर : कानपट्टी. नवी गोष्ट : गोफ

टाक्यांची जागा अदलाबदल करायची, एवढाच गोफ. अवघड वाटतो तो बघणाऱ्याला. सहा टाक्यांच्या गोफात पहिले तीन टाके तिसऱ्या सुईवर घ्यायचे, ती सुई कामाच्या पुढे ठेवायची, पुढचे तीन विणायचे, मग तिसऱ्या सुईवरचे तीन विणायचे. सुई पुढे ठेवली तर पीळ डावीकडे, मागे ठेवली तर उजवीकडे. तिसरी सुई म्हणून सायकलचा २ मि.मी.चा आरा कापून वापरला. दोन्ही टोकं आधी कानशीने, मग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केली, नाहीतर लोकरीचे तंतू ओढले जातात. मधे जरासा वाकवला की टाके घसरून पडत नाहीत.

नमुना, २६ टाके, ४ मि.मी. पुढची सुई : ४ सुलट, २ उलट, ६ सुलट, २ उलट, ६ सुलट, २ उलट, ४ सुलट. मागची : ६ सुलट, ६ उलट, २ सुलट, ६ उलट, ६ सुलट. दर आठव्या सुईला पीळ : पहिल्या सहाला आरा पुढे, दुसऱ्या सहाला मागे, म्हणजे दोन्ही गोफ आरशातल्यासारखे समोरासमोर वळतात. १७ पीळ झाले की साधारण ४६ सें.मी. भरतं. दोन्ही टोकं शिवून पट्टी गोल.

गोफाशेजारचे उलट टाके वगळू नयेत. त्यांच्या खोलगटपणामुळेच गोफ वर उठून दिसतो. सगळीकडे सुलट ठेवलं तर पीळ असतो, पण दिसत नाही. आणि गोफ रुंदी खातो : २६ टाके सपाट विणीत १२ सें.मी. भरले असते, इथे १० च्या आत आले. गोफाचा स्वेटर साध्या स्वेटरच्या टाक्यांवर बेतला की छातीत आवळतो तो यासाठीच. माप-तुकडा गोफ घालूनच काढायचा.

आता आठ ओळी झाल्या का, हे कागदावर रेघा मारत मोजायची गरज नाही. गोफ आडवा ताणला की शेवटच्या पिळापाशी भोक पडल्यासारखं दिसतं. त्या भोकाच्या वरचे 'व्ही' एका रांगेत मोजायचे, सुईवरचा टाकाही धरायचा. आठ भरले की पुढची सुई पिळाची. पीळ नेहमी पुढच्या बाजूलाच येतो. मागच्या बाजूने आठ भरल्यासारखे वाटले तर मोजणी चुकली आहे, परत बघा.

१५ डिसेंबर : उलटा पडलेला पीळ

एका पट्टीत खालून पाचवा पीळ विरुद्ध दिशेला. सगळी पट्टी उसवली नाही. सुई त्या गोफापर्यंत आणून फक्त ते सहा टाके सोडले आणि पिळाच्या खालच्या ओळीपर्यंत मोकळे उतरवले. वर तारांची शिडी उभी राहते. पीळ योग्य बाजूने घालून, सगळ्यात खालच्या तारेपासून सुरुवात करत, दोन आऱ्यांवर ते सहाच टाके एकेक ओळ वर विणत आणले. तारा क्रमाने घ्यायच्या, एक सुटली तर सगळं गुंततं. आधी वीण जरा वेडीवाकडी दिसते, धुतल्यावर सरळ होते.

निसटलेला एकच टाका असेल तर क्रोशाचा आकडा पुरे. सुलट बाजूने आकडा टाक्यात घालून वरची तार ओढून आणायची, की एक ओळ वर आलो. उलट टाका असेल तर काम फिरवून तेच.

४ जानेवारी : मोरपिसाचा रुमाल. नवी गोष्ट : जाळी

बारीक सूत, ३.२५ मि.मी., ४० टाके : कडेला २-२ आणि मधे १८ चे दोन भाग. चार सुयांचा नमुना. पहिली सुलट, दुसरी उलट. तिसरी : २ सुलट, मग प्रत्येक भागात २ एकत्र तीन वेळा, 'सुईवर दोरा, १ सुलट' सहा वेळा, २ एकत्र तीन वेळा, शेवटी २ सुलट. चौथी सुलट. प्रत्येक भागात सहा कमी होतात, सहा वाढतात, म्हणून कडा सरळ राहते आणि मधे लाट उठते. ही वीण मूळची स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची. तिथल्या तलम शाली प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे ती बाळंतविड्यातल्या दुपट्यांवर हमखास भेटते.

चार सुयांपैकी तीन डोळे मिटून करण्याच्या, म्हणून शिकायला याहून सोपी जाळी नाही. दोन भागांच्या मधे रिंग ठेवायची आणि तिसऱ्या सुईनंतर प्रत्येक भागात १८ आहेत का बघायचं. १७ भरले तर दोरा राहिला, १९ भरले तर जोड राहिला. चूक त्याच भागात आहे, सगळी सुई धुंडाळायची नाही.

जाळी उसवताना दोऱ्याचे टाके गळतात आणि पुन्हा सुईवर घेता येत नाहीत. म्हणून दर तिसऱ्या-चौथ्या लाटेनंतर, दुसऱ्या म्हणजे उलट सुईवर, वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा जाड सुईने सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवला. रिंगांतून तो जाऊ द्यायचा नाही. खाली कितीही बिघडलं तरी उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं.

सुईवरून उतरलेली जाळी चोळामोळा दिसते, तिच्यावरून निकाल देऊ नये. ओली करून, टॉवेलात दाबून पाणी काढून, गादीवर टाचण्या लावून ताणली : लाटांच्या टोकाला एकेक टाचणी. वाळल्यावर भोकं उघडतात. हे सुताचं आणि खऱ्या लोकरीचं. ॲक्रिलिकवर इस्त्री किंवा जोराची वाफ दिली की ते मेल्यासारखं लुळं पडतं, आणि परत ताठ होत नाही.

१८ जानेवारी : बाळाचे मोजे. नवी गोष्ट : टाच

या हंगामातला सगळ्यात दाट नग. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचं माप, ३ मि.मी.च्या दोन्ही टोकं मोकळी असलेल्या पाच सुया, ३ प्लाय बेबी लोकर, जोडीला २५ ग्रॅमचा एक गोळा पुरतो. माप १० सें.मी.त २८ टाके.

३२ टाके, चार सुयांवर ८-८. एक-एकची बॉर्डर ५ सें.मी. सुया जिथे मिळतात तिथे उभी शिडी दिसू लागते. प्रत्येक सुईचा पहिला टाका आवळून उपयोग नाही, दुसरा आवळायचा.

टाचेची पट्टी : १६ टाक्यांवर सपाट, १६ सुया. उरलेले १६ वरच्या बाजूचे, थांबून राहतात. प्रत्येक सुईचा पहिला टाका न विणता सरकवायचा, त्यामुळे कडेला ८ मोठे फास तयार होतात, दोन ओळींचा एक.

आता टाच वळवायची. ती वळते कशी ते आधी समजलं तर आकडे पाठ करावे लागत नाहीत : आपण सुई अर्धवट सोडून मागे फिरतो, त्यामुळे मधे ओळी जास्त आणि कडेला कमी होतात. जास्त ओळींना जागा नाही म्हणून कापड वाटीसारखं खोल होतं. सुईवर ज्या ठिकाणी वळलो तिथे दोन टाक्यांत फट दिसते. त्या फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र करायचा, पुढचा एक विणायचा, वळायचं. बस्स.

आकड्यांत : १ सरकवून ८ सुलट, डावीकडे झुकणारा जोड, १ सुलट, वळा. १ सरकवून ३ उलट, २ उलट एकत्र, १ उलट, वळा. १ सरकवून ४ सुलट, जोड, १ सुलट, वळा. १ सरकवून ५ उलट, जोड, १ उलट, वळा. १ सरकवून ६ सुलट, जोड, १ सुलट, वळा. १ सरकवून ७ उलट, जोड, १ उलट. दोन्हीकडचे टाके संपले, १० उरले. ११ किंवा ९ असतील तर कुठेतरी फट ओलांडली आहे.

२५ जानेवारी : टाचेपासून बोटांपर्यंत

टाचेचे १० सुलट विणून घेतले. पट्टीच्या कडेच्या ८ फासांतून ८ आणि कोपऱ्यातून १ असे ९ टाके उचलले, वरचे १६ विणले, दुसऱ्या कडेचे ९ उचलले. एकूण ४४. कोपऱ्यातला तो एक जास्तीचा टाका भोक बुजवण्यासाठी आहे. उचललेले टाके पहिल्या फेऱ्याला मागच्या पायातून विणले की पीळ खातात आणि आणखी घट्ट बसतात. १० ऑक्टोबरच्या नोंदीत जो दोष म्हणून लिहिला, तो इथे मुद्दाम कामाला आला.

मग एकाआड एक फेऱ्याला दोन घट : वरच्या १६ च्या आधी २ एकत्र, म्हणजे उजवीकडे झुकणारा, आणि १६ नंतर डावीकडे झुकणारा. सहा वेळा केलं की पुन्हा ३२. पुढे साधे फेरे, टाचेच्या मागच्या कडेपासून ८ सें.मी. भरेपर्यंत.

बोटं : एकाआड एक फेऱ्याला चार घट, दोन्ही कुशींना दोन-दोन. चार वेळा केलं की १६ उरतात, ८ पुढे, ८ मागे. बंद करून शिवलं तर बाळाच्या बोटांवर कड उमटते. म्हणून जाड सुईने दोन्ही बाजू सांधायच्या, याला किचनर टाका म्हणतात. सुरुवात : पुढच्या पहिल्या टाक्यात उलटसारखी सुई घालून टाका ठेवायचा, मागच्या पहिल्यात सुलटसारखी घालून ठेवायचा. मग पुढे : सुलटसारखी घालून काढा, पुढच्यात उलटसारखी घालून ठेवा. मागे : उलटसारखी घालून काढा, पुढच्यात सुलटसारखी घालून ठेवा. मधे कुणाशी बोलायचं नाही. थांबायचंच असेल तर मागची जोडी पूर्ण करून थांबा.

बाळाच्या मोज्यात दोन रंगांची नक्षी आम्ही मुद्दाम घेतली नाही. आतून जाणाऱ्या लोंबत्या दोऱ्यात बाळाचं बोट अडकून आवळलं जाऊ शकतं. जाळीची वीणही मोज्याला नको. दोऱ्याची टोकं आत निदान ५ सें.मी. ओवून, दिशा बदलून परत थोडी ओवून मगच कापायची, आणि मोजा उलटा करून सैल तंतू बोटाने चाचपून बघायचा.

दुसरा मोजा टेपने मोजू नये. पहिल्या मोज्याचे फेरे मोजून तेवढेच घ्यायचे, टेप दर वेळी वेगळी ताणली जाते. ज्यांचा दुसरा मोजा लांब झाला त्यांचे बॉर्डरचे फेरेच तीनने जास्त निघाले.

दोन रंगांचं काम पुढच्या नगाला, मोठ्यांच्या टोपीच्या पट्टीवर. त्यासाठी ४ प्लायचे एकाच जाडीचे दोन रंग बाजूला काढलेत. लाल रंग आधी पांढऱ्या कापडात गुंडाळून भिजवून ठेवलाय, उतरतो का बघायला.